दलालांचा पहिला नंबर

दलालांसमोर 'सावकाश' हा शब्द काढला की भांडण ठरलेलं. रस्ता ओलांडताना कुणी मायेनं दंड धरून "सावकाश हं काका" म्हणालं, की ते जागच्या जागी थांबायचे, त्या आवाजाच्या दिशेला मान वळवायचे आणि विचारायचे, "का? तुमी सावकाश चाललायसा का? मग मलाच का सांगता?" तो बिचारा पुण्य कमवायला आलेला असायचा, चार शब्द ऐकून परत जायचा. डोळे नसलेला माणूस गरीब, सोशिक आणि थोडाफार संत असतो अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी दलालांपासून लांब राहिलेलं बरं. मी काही लांब राहिले नाही. बरीच वर्षं रोज पहाटे हरिपूरच्या रस्त्यावर त्यांच्या शेजारी धावले, आणि शहाणपणा करून 'सावकाश' हा शब्द पहिल्याच आठवड्यात टाकून दिला.

दलाल हे त्यांचं आडनाव नव्हे, धंदा; मी त्यांना आण्णा म्हणायचे. जन्म जत तालुक्यातला, पण तरुणपणीच सांगलीच्या मार्केट यार्डात आले आणि हळदीची दलाली करू लागले. चढावर धाप लागली की त्यांच्या तोंडून कन्नड बाहेर पडायचं, 'ओंदु, एरडु, मूरु' असं पावलं मोजायचे. सपाटीवर आले की पुन्हा आपली मराठी आणि मराठीतल्या शिव्या. ऐन तिशीत त्यांची नजर संध्याकाळची अधू झाली, मग दुपारची, आणि एक दिवस पूर्णच गेली. यार्डातल्या लोकांना वाटलं, आता हा गडी गावाकडं जाणार. पण त्या काळी सौदा व्हायचा उपरण्याखाली. खरेदीदार आणि दलाल एकमेकांचा हात कापडाखाली घ्यायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे, म्हणजे शेजारच्याला कळू नये. "कापडाखाली सगळंच आंधळं असत्यात," दलाल म्हणायचे, "मी कापडाबाहेर बी आंधळा, यवढाच फरक." पुढं उघड बोली आली, पडद्यावर आकडे झळकू लागले आणि दलालांच्या बोटांना काम उरलं नाही. हळद हुंगून ती कुठल्या गावची ते सांगण्याची त्यांना भारी हौस होती. निम्म्या वेळा चुकायचं. चुकलं की हळदवालाच खोटं बोलतोय असं ते ठरवून टाकायचे.

धावायला लागले ते डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. "चालायचं तर पळायचं का न्हाई?" असा त्यांचा सरळ हिशेब. डोळस माणूस शेजारी हवा, म्हणून मेव्हण्याला धरलं. अंधांच्या शर्यतीत एक नियम फार कडक असतो: वाट दाखवणाऱ्यानं धावपटूच्या पुढं जाऊन रेघ ओलांडायची नाही. ओलांडली की दोघंही बाद. मेव्हणे पहिल्याच शर्यतीत शेवटच्या वळणावर आले, समोर त्यांची बायको मोबाईल धरून उभी दिसली, आणि माणसाचं भान गेलं. दोन्ही हात वर करून, छाती पुढं काढून त्यांनी रेघ ओलांडली. दलाल मागून, दोघांच्या हातांना बांधलेल्या दोरीला लोंबकळत आले. "माझा मेव्हना पयला आला," असं ते पुढं कित्येक दिवस यार्डात सांगत फिरत होते, "मला बाद केलं, पन घरात बक्षीस आलं म्हना की. फोटू लय झ्याक हाय म्हनत्यात. मला काय दिसत न्हाई."

माझं सांगलीत औषधाचं दुकान. पहाटे एकटी धावायचे, कारण दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची तर आधी तासभर कुणाचंच काही ऐकायचं नाही असा माझा नेम. एकदा कृष्णेच्या घाटाजवळ काठी घेऊन उभे असलेल्या दलालांनी मला हाक मारली. "आवं ताई, तुमी रोज जाता न्हवं हितनं? तुमचा दम एका चालीत हाय. मला घ्या संगं." ही विनंती नव्हती, नेमणूक होती. मी ओळख ना पाळख म्हणून घुटमळले तर म्हणाले, "इचार करा. पन पळता पळता करा, घाम वाळतोय."

परक्या बाईनं परक्या पुरुषाचा हात धरून पहाटे धावणं ही सांगलीत बिनचर्चेची गोष्ट नव्हे. चार दिवसांत बातमी यार्डात गेली आणि तिथून दलालांच्या घरी. त्यांची बायको, म्हणजे वैनी, स्वतः दुकानात आल्या. मी मनाची तयारी करून उभी. त्या म्हणाल्या, "ह्या मानसाला रोज तासभर घरातनं बाहेर काढताय तुमी. श्रावनात या, ओटी भरते." आणि खोकल्याचं औषध घेऊन गेल्या.

बाजारात मिळणारी धावायची दोरी दलालांनी नाकारली. पंच्याचा एक तुकडा आणला, त्याचा पीळ करून दोघांच्या हाताभोवती गुंडाळला, आणि कापडाखाली बोटांची भाषा ठरवून टाकली. एक बोट दाबलं की गतिरोधक, दोन दाबली की खड्डा, मूठ म्हणजे वळण. बोलण्यात दम कशाला घालवायचा! सांगलीच्या रस्त्यांचा विचार करता बोटं कमी पडणार हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. शिवाय दलालांच्या हाताची जुनी सवय जाईना. कापडाखाली बोट दाबलं गेलं की त्यांच्यातला व्यापारी जागा व्हायचा. एका शर्यतीत मी खड्डा आला म्हणून दोन बोटं दाबली. त्यांना वाटलं, मी वेग वाढवायला सांगतेय. त्यांनी उलट एक बोट दाबून भाव पाडला. मी घाबरून पुन्हा दोन दाबली. त्यांनी पुन्हा एक. सौदा तुटायच्या आत आम्ही दोघं खड्ड्यात. गुडघे फोडून वर आल्यावर म्हणाले, "एकावर देत हुता तर तवाच द्यायचा की खड्डा. दोनावर का अडून बसलाव?"

त्यांची खरी अडचण खड्ड्यांची नव्हती, लोकांच्या कौतुकाची होती. कुठंही धावलं की सत्कार. शाल, नारळ, आणि भाषण: यांच्यापासून आपण प्रेरणा घेतली पाहिजे. वैनींना नारळाच्या वड्या करून वीट आला होता, आणि शाली इतक्या साठल्या होत्या की माझ्या दुकानातला म्हातारा गडीसुद्धा थंडीत काश्मिरी दिसायचा. प्रत्येक सत्कारात दलाल एकच प्रश्न विचारायचे: "माझा नंबर कितवा?" संयोजक हसायचे. "अहो, तुम्ही आमच्यासाठी पहिलेच!" मग दलालांचा चेहरा असा काही व्हायचा की वाटावं, कुणीतरी त्यांना नासकं दूध पाजलंय. गाडीत बसल्यावर म्हणायचे, "ताई, हे माझ्याकडनं प्रेरना घेत्यात आन् मला नंबर देत न्हाईत. ह्यो कसला सौदा?" त्यांना आयुष्यात एकदा खरा पहिला नंबर हवा होता. कुणाला तरी मागं टाकून मिळवलेला. कुणाच्याही डोळ्यांत पाणी न आणता.

म्हणूनच एकदा मोठ्या शर्यतीला गेलो तेव्हाचा त्यांचा आनंद मी विसरणार नाही. तिथं पंच सगळ्या पूर्ण अंध धावपटूंच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधत होते, कुणाला थोडंफार दिसत असेल तर फायदा मिळू नये म्हणून. मला वाटलं, आता भडका उडणार. दलालांनी चेहरा पुढं केला, पट्टी घट्ट बांधून घेतली आणि हळूच मला म्हणाले, "ह्यास्नी वाटतंय मी लबाडी करीन! बघा, पयल्यांदा कुनीतरी मला चोर समजलं. लय बरं वाटलं ताई." त्या दिवशी ते मागून दुसरे आले आणि घरी जाईपर्यंत शीळ घालत होते.

मग त्यांना विट्याचे शेठ भेटले, आणि माझ्या पहाटेची शांतता कायमची संपली. शेठ म्हणजे गलाईवाले. विट्याची निम्मी माणसं परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसंच ह्यांचंही दक्षिणेत कुठंतरी होतं. तिथं एकदा तेजाब उडालं आणि डोळे गेले. दुकान भावाकडं सोपवून शेठ विट्याला परतले आणि धावायला लागले. त्यांना वाट दाखवायला साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार होते. हवालदारांच्या प्रत्येक वाक्यात 'आमच्या पलटणीत' असायचं आणि पलटणीत कुणीही कधी दमलेलं नसायचं.

दोघांचं वय एक, वेग एक, आणि तोंडही एकसारखंच. पहिल्याच शर्यतीत शेठ थोडक्यात पुढं गेले. बक्षीस देताना पाहुण्यांचं मन भरून आलं आणि त्यांनी जाहीर केलं, "या दोघांमध्ये आम्ही दुसरा कुणालाच मानत नाही. दोघंही पहिले!" टाळ्यांचा कडकडाट. दलाल चषक घेऊन उभे राहिले, मग ध्वनिक्षेपकाकडं वळून म्हणाले, "आवं, मी हारलोय. माझा दुसरा नंबर कुठाय?" पाहुण्यांना वाटलं, विनय. ते आणखी हेलावले. दलालांनी चषक टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. मागून शेठ ओरडले, "बराबर हाय! ह्यो हारलाय! मी पयला!" त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. म्हणजे दर रविवारी दुपारी एकमेकांना फोन करून शिव्या देऊ लागले. शेठ ह्यांना 'हळद्या' म्हणायचे, हे त्यांना 'फुटकी मूस'. वैनी सांगायच्या, रविवारी जेवण झालं की हे फोन मांडीवर घेऊन बसायचे, आणि दोन वाजून गेले तरी वाजला नाही तर त्यांना आमटी खारट लागायची.

पुढच्या प्रत्येक शर्यतीत दलाल शेठच्या मागं राहिले. कधी थोडे, कधी बरेच. मला म्हणायचे, "एकदा. एकदाच ताई. त्याला माज्या पाठीचा वारा लागू दे, मग मी डोळं मिटायला मोकळा." आणि स्वतःच हसायचे.

साताऱ्याला गावागावांतून जाणारी एक नवी मॅरेथॉन निघाली, पूर्ण बेचाळीस किलोमीटरची. आदल्या दिवशी संयोजकांपैकी एक उत्साही गृहस्थ आम्हा चौघांना भेटायला आले. त्यांची कल्पना अशी की दोन्ही अंध बांधवांनी शेवटी हातात हात घालून रेघ ओलांडावी, वर फुलं पडतील, बँड वाजेल, फोटो सगळीकडं जाईल. दलाल आणि शेठ एकाच वेळी बोलले. शेठ म्हणाले, "ह्याचा हात? मी कोपरानं नमस्कार करतो ह्याला." दलाल म्हणाले, "आमी काय वरातीला आलोय व्हय?" दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. गृहस्थ म्हणाले, बघा, वेळेवर मन बदलेल.

धावताना पहिली बरीच वाट दोघं खांद्याला खांदा लावून होते. अलीकडं मी, पलीकडं हवालदार, आणि दोघांच्या टोमण्यांना अंत नाही. नंतर चढ लागला तसे टोमणे थांबले. शेठ पुढं सरकले. दलालांचं कन्नड सुरू झालं. उसाच्या फडांमधून रस्ता जात होता, गावांतली माणसं कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि बायका 'बिचारे' म्हणत होत्या ते दलालांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी उगाच मोठ्यानं श्वास घेत होते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर राहिले तेव्हा आम्ही शेठना गाठलं. अगदी पाठीशी आलो. दलालांनी कापडाखाली माझी बोटं अशी आवळली की मला कळ आली.

आणि तेवढ्यात हवालदार बसले. पोटरीला गोळा आला आणि पलटणीतला तो माणूस रस्त्याच्या मधोमध आईगं म्हणत बसला. दोरी सुटली. गाईड नसेल तर एक पाऊलही टाकायचं नाही हा नियम, शेठ थांबले. दोन्ही हात पुढं करून, मान वाकडी करून, रस्त्यात एकटे उभे. माझे पाय आपोआप मंदावले.

"का वं?" दलाल म्हणाले.

"हवालदार बसले. गोळा आलाय."

"आन् शेठ?"

"उभे आहेत. एकटेच."

"पडलं न्हाईत न्हवं? लागलं न्हाई न्हवं?"

"नाही. स्वयंसेवक पोचलेत त्यांच्याजवळ. पण आण्णा..."

"मग चला."

"आण्णा, अहो..."

"चला म्हन्तो न्हवं!" असे ओरडले की कडेची टाळ्या वाजवणारी माणसं दचकून गप्प झाली. मी धावले. मला त्या क्षणी ह्या माणसाचा असा राग आला होता की तो कापडाचा पीळ काढून कृष्णेत टाकावा. दलाल मात्र सरळ पुढं तोंड करून धावत होते, आणि त्यांच्या गालांवरून जे वाहत होतं ते घामच आहे अशी मी स्वतःची समजूत घातली. रेघेजवळ मी पाऊलभर मागं राहिले. त्यांनी एकट्यानं ती ओलांडली. पहिला नंबर. खरा.

बँड वाजला नाही. फुलं टोपल्यांतच राहिली. बातमी आमच्या आधी पोचली होती. चषक देणाऱ्या पाहुण्यांनी चषकाबरोबर माणुसकीवर छोटंसं प्रवचनही दिलं. दुसऱ्या दिवशी सांगलीतल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप गटावर दलालांचा फोटो फिरत होता आणि खाली लिहिलेलं: स्पर्धा जिंकली, माणुसकी हरली. काल ज्यांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेतली होती त्यांनी ती परत केली. सत्कार बंद. वैनी म्हणाल्या, "चला, नारळ तरी सुटलं." माझ्या दुकानात येऊन लोक मला विचारायचे, तुम्ही तरी कशा थांबला नाहीत? पोटदुखीची गोळी घ्यायला आलेल्या माणसाला मी काय सांगू?

दलालांना लोकांच्या बोलण्याचं काही वाटलं नाही. उलट ते यार्डात छाती काढून फिरले. "मी पयला आलोय, आन् कुनाला बी आवडलं न्हाई. म्हंजी खरा असनार." पण पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ते फोन मांडीवर घेऊन बसायचे. मी म्हटलं, तुम्ही करा. म्हणाले, "त्यानं करायचा. मी जितलोय." पण आवाजात जोर नव्हता. एका पहाटे घाटावर बसून पायांतले बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "ताई, त्याला काय वाटलं असंल वं? त्याला कळलं असंल का मी का थांबलो न्हाई?" मला स्वतःलाच ते कळलं नव्हतं. मी म्हटलं, "कळेल." त्यांनी मान हलवली. मी समजूत काढतेय हे ओळखणं त्यांना अवघड नव्हतं.

पावसाळा संपता संपता दलाल गेले. सकाळचा चहा घेताना, खुर्चीत, कप न सांडता. सतत घाईत असलेल्या माणसानं जातानाही घाईच केली. अंत्यविधीला विट्याहून कुणी आलं नाही. मी शेठना मनातल्या मनात दलालांच्याच शिव्या दिल्या.

शोकसभा यार्डातल्या हॉलमध्ये झाली. माणूस गेला की त्याची माणुसकी परत मिळते. व्हॉट्सअॅपवर लिहिणारेच व्यासपीठावर होते. अंधारातला प्रकाश झाला, जिद्दीचा महामेरू झाला, आणि प्रेरणा तर इतक्या वेळा झाली की वैनींनी पदर डोळ्यांना लावायचं सोडून माझ्याकडं कंटाळून पाहिलं. साताऱ्याच्या शर्यतीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. मोठ्या मनानं सगळ्यांनी ते पोटात घातलं होतं.

शेवटी मागच्या दारातून हवालदारांचा हात धरून शेठ आले. सभेत कुजबुज झाली. त्यांना पुढं नेऊन माईकपाशी उभं केलं.

"मला लांबड लावता येत न्हाई," शेठ म्हणाले. "त्या दिवशी मी रस्त्यात हुबा ऱ्हायलो. समद्यांस्नी वाटलं, दलाल थांबंल. मला बी वाटलं. मी कान दिऊन हुतो. मागनं त्यांच्या पायांचा आवाज आला आन् मंदावला. म्हटलं, झालं, ह्यो बी थांबला. डोळं गेल्यापास्नं समदी दुनिया माझ्यासाठी थांबतीया. रस्त्यात गाडी थांबती, लग्नात पंगत थांबती, मी घरात शिरलो की बायकापोरं बोलायची थांबत्यात. आन् मग आराडला गडी. पाय माझ्या बाजूनं पळत गेलं. एकटा ह्योच थांबला न्हाई. मला पळनारा मानूस समजला."

शेठनी माईक चाचपून जवळ ओढला.

"फोन का केला न्हाई, म्हनून तिकडं वैनी आन् ताई माझ्यावर चिडल्या असतील. आवं, हारलेला मानूस फोन करतोय व्हय? मला लय राग आला हुता त्याचा. रोज पळत हुतो. दोन येळा. ह्या हवालदाराची हाडं खिळखिळी केली. पुढच्या टायमाला त्याला मागं टाकायचं, आन् मगच फोन लावायचा, असं धरून बसलो हुतो."

दलालांचा हार घातलेला फोटो त्यांच्या डाव्या हाताला होता. शेठ उजवीकडं वळले, जिथं नुसती भिंत होती. त्यांना कुणी सांगितलं नाही.

"लय वाईट केलंस गड्या," ते भिंतीला म्हणाले. "आता मी कुनाला हरवू?"

अध्यक्ष आभार मानायला उठले होते, ते तसेच उभे राहिले. मी मात्र त्या सगळ्या प्रेरणा घेतलेल्या माणसांच्या देखत मोठ्यानं रडले.